वीतभर दुर्बीण

डॉक्टरांनी आमच्या ह्यांना चढ बंद केला तो दसरा होऊन गेल्यावर. "सपाटीवर हवं तेवढं चाला. बाजारात जा, देवळात जा. पण चढ नको," असं त्यांनी मलाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. हे मान हलवत राहिले. मान हलवण्यात हे पहिल्यापासून हुशार. बंदराच्या कचेरीतली सगळी नोकरी ह्यांनी वरच्या साहेबापुढे मान हलवून काढली आणि करायचं ते मनासारखंच केलं. म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी विचारलं, "ऐकलंत ना?"

"ऐकलं गो."

थोडं पुढे आल्यावर म्हणाले, "तशी ती पाखाडी काही फार उभी नाही."

पाखाडी म्हणजे खाडीपलीकडच्या भाट्याच्या डोंगराची, जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. राजिवड्याहून तरीने पलीकडे उतरायचं, माडांतून चालत जायचं आणि मग ती चढायची. वर सडा लागतो. सड्यावर काळा कातळ, कातळावर वाळलेलं गवत आणि वारा. दुसरं काही नाही. पण ह्यांचं सगळं तिथंच होतं. इतरांचे नवरे रविवारी पत्ते खेळत, भजनाला बसत. आमचे पक्षी बघायला जात. भाट्याच्या लोकांना आधी वाटायचं, कचेरीतला माणूस आहे, जमीन घ्यायची असेल. मग जमीन काही घेईना तेव्हा त्यांनी ह्यांना वेडा ठरवलं, आणि त्यानंतर मात्र फार प्रेमाने वागवलं.

मुलगी लग्न होऊन देवरूखला गेली तेव्हापासून मीही बरोबर जायला लागले. पक्ष्यांसाठी नव्हे. ह्यांची छाती तेव्हापासूनच भाता झाली होती, कुठे बसले तर उठवायला कोणी हवं म्हणून. माझ्या एका हातात घडीचं स्टूल, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत पाण्याचा तांब्या, औषधाची बाटली, भाकरी. ह्यांच्या हातात काठी. अशी आमची वरात.

गणपती गेल्यावरच्या रविवारी पाखाडीच्या मध्यावर हे खाली बसले आणि उठेनात. ओठ जांभळीचं फळ खाल्ल्यासारखे झाले. मी पदराने वारा घालत राहिले. मोळ्या घेऊन उतरणाऱ्या दोन बायकांनी मोळ्या टाकल्या आणि ह्यांचे तळवे चोळले. बऱ्याच वेळाने ह्यांना बोलता यायला लागलं. पहिलं वाक्य काय, तर, "तो वेडा राघू बघितलास काय, तारेवरचा?"

मी तिथेच ठरवलं की आता पुरे.

पण ह्यांचा जीव अडकला होता काकणात. काकण म्हणजे समुद्रावरची ती मोठी घार, पांढऱ्या पोटाची, पाण्यातले साप उचलून नेते ती. सड्याच्या पलीकडच्या उतारावर एक जुना बेहडा आहे, त्याच्या शेंड्याला ह्या जोडीचं घरटं. किती वर्षं हे ते बघत आले. थंडीत एखादं पिल्लू होतं, शिमग्याच्या सुमाराला उडून जातं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मला कधी कधी वाटायचं, ह्यांना मुलीच्या बाळंतपणाची जितकी काळजी नव्हती तितकी त्या घारीच्या बाळंतपणाची आहे.

"पाय चालत नाहीत तर डोळे लांब करू," हे एक दिवस म्हणाले. "दुर्बीण घेऊ."

मला ही गोष्ट एकदम पटली. इतकी पटकन पटली, की ह्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं.

आमचं घर वरच्या आळीत, उंचावर. ओटीवरनं खाडीचं तोंड दिसतं आणि पलीकडचा डोंगरही. मी मनात बघून ठेवलं: एक चांगली मोठी, लांब दुर्बीण, ओटीच्या कठड्यावर टेकवलेली. मागे आरामखुर्ची. पाठीशी उशी. हे खुर्चीत. मी आत भात लावते आहे आणि बाहेरून आवाज येतो आहे, अगो, घार आली. येऊ दे बापडी.

"मोठीच घेऊ," मी म्हटलं. "जितकी मोठी तितकं लांबचं दिसेल."

"मोठी नको. खिशात मावेल अशी हवी," हे म्हणाले.

तेव्हा मला कळलं. खिशात दुर्बीण घालून कोणी ओटीवर बसत नाही.

"ओटीवरनं सगळं दिसतं," मी म्हटलं.

"ओटीवरनं शेजारच्या गोदूबाईंचं वाळत घातलेलं लुगडं दिसतं. त्याच्या मागे डोंगर असेल तर असेल."

"लुगडं काढायला सांगते मी त्यांना."

"आणि ते घरटं पलीकडच्या उताराला आहे. डोंगर काढायला कोणाला सांगशील?"

ह्यावर मला उत्तर नव्हतं. पण उत्तर नसलं म्हणून माणूस गप्प बसतं असं थोडंच आहे? आठवडाभर आमच्या घरात मोठी आणि लहान एवढे दोनच शब्द चालले होते. शेवटी ठरलं, की आधी बघू तरी.

दुर्बिणी होत्या राजिवड्याला, मुसा नाखव्याच्या घरी. नाखवा म्हणजे गलबताचा मुख्य. मुसा नाखव्याची फत्तेमारी मलबारपर्यंत जायची, आणि परत आली की कागद घेऊन तो ह्यांच्याच टेबलापुढे उभा राहायचा. भला माणूस. तो जाऊनही आता काळ लोटला. फत्तेमारी मोडीत निघाली, मुलगा रशीद मुंबईहून मोठ्या बोटीवर लागला. घरात एकटी रहिमाबी. तिने निरोप धाडला होता: माझ्याकडे दोन हायत, एक मला राहू दे, एक तुमी न्या. किंमतही दोन्हींची एकच सांगितली होती आणि ती ह्यांनी मान हलवून कबूल केली होती. तेव्हा प्रश्न निवडीचाच होता.

आम्ही गेलो त्या सकाळी रहिमाबी दारातच उभी होती. उंच बाई, हातात वाळत घालायच्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, सूप.

"या आत्मारामभाऊ. या बाय. दमलात काय हो भाऊ? आमच्या वाड्याला तर चढ पण नाय."

"दमलो नाही, रहिमाबी. धापेला सवय लागली आहे माझी. सोडत नाही," हे म्हणाले.

"मग आता माडीवर कसे यायचे? दूरबीन वर हाय. खाली आणून दिली तर चुलीशिवाय काय दिसायचं नाय तुमाला."

माडीचा लाकडी जिना उभा. हे पुढे, मी मागे. ह्यांची पाठ माझ्या तोंडासमोर वरखाली होत होती आणि मधल्या पायरीवर ती थांबली. मीही खालच्या पायरीवर थांबले. वरनं रहिमाबी म्हणाली, "जिना जुना हाय, सावकाश," जसा काही दोष जिन्याचा होता.

वर एकच खिडकी, खाडीच्या तोंडावर उघडणारी. खिडकीच्या खालच्या चौकटीला मधोमध एक खाच पडली होती, गुळगुळीत.

"ही कसली?" मी बोट फिरवून विचारलं.

"मोठीची. इथं टेकवून बघायची मी. त्यांच्या शिडाला डाव्या अंगाला ठिगळ होतं, तपकिरी. ते दिसलं की चुलीवर भात टाकायचा. बंदराला लागेपर्यंत शिजायचा."

मग तिने दोन्ही आणून चटईवर ठेवल्या.

मोठी हातभर लांब, वरनं कॅनव्हास गुंडाळून सुतळीने आवळलेली, पितळेच्या कडा हिरव्या पडलेल्या. उचलून बघितली तर मुसळ परवडलं. धाकटी मात्र वीतभर. नळीत नळी, त्या नळीत आणखी एक नळी. ओढली की लांब होते, मिटली की मुठीत जाते. वरचं चामडं हाताच्या घामाने काळं झालेलं. आणि डोळ्याकडच्या सगळ्यात बारीक नळीवर एक काळा दोरा घट्ट बांधलेला.

हे आधी धाकटीकडे वळले. मी म्हटलं, "मोठी बघा ना आधी."

ह्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मोठी खाचेत टेकवली, नळी मागेपुढे केली, आणि जरा वेळाने ह्यांच्या तोंडावर हसू आलं. "आगबोट उभी आहे बाहेर. डेकवर कोणीतरी धोतर वाळत घालतंय."

"म्हणजे गोदूबाईंची आठवण येणार नाही," मी म्हटलं.

रहिमाबीला काही कळलं नाही, पण ती हसली. मी चष्मा धरून उभी. मला बघतेस का असं कोणी विचारलं नाही, आणि मलाही काही बघायचं नव्हतं. मला फक्त ते मुसळ आमच्या ओटीवर हवं होतं. मनात म्हटलं, ही घेऊन पाखाडी चढणं ह्यांच्या बापाला जमणार नाही.

मग ह्यांनी धाकटी उचलली. दोऱ्यावर बोट ठेवून रहिमाबीकडे बघितलं.

"तो त्यांच्या नजरेचा," रहिमाबी म्हणाली. "दर्यावर होडी हलती असता नळी मागंपुढं करीत बसायला येळ कुटला? म्हणून एकदा नजर बसली की तिथं दोरा बांधायचा. ओढायची ती दोऱ्यापर्यंत. दुसऱ्यानं तो हलवायचा नाय."

"ठाऊक आहे मला," हे म्हणाले. "बंदरात दुसऱ्याच्या दोऱ्याला कोणी हात लावत नसे. भांडणं झालीत त्यावरून." मोठीला दोरा नव्हता, ती गलबताची, सगळ्यांची. ही एकट्या मुसा नाखव्याची.

ह्यांनी नळी बरोबर दोऱ्यापर्यंत ओढली आणि डोळ्याला लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग काढली, धोतराच्या सोग्याने काच पुसली, पुन्हा लावली.

"धूसर आहे," हे म्हणाले.

मी काही बोलले नाही.

पुन्हा पुसली. खिडकीतून थोडं बाहेर वाकले. "नाही. धूसरच आहे. काच गेली असेल."

काच गेली नव्हती. ह्यांचा चष्मा माझ्या हातात होता, बाटलीच्या बुडासारखा जाड. मुसा नाखवा ढगात बगळा दाखवणारा माणूस. त्याच्या नजरेला बांधलेल्या दुर्बिणीतून आमच्या कचेरीत झिजलेल्या डोळ्याला काय दिसणार? नळी जराशी आत सरकवली असती तर दिसलं असतं. मोठीची ह्यांनी आत्ताच सरकवली होती. पण हिला दोरा होता, आणि दोऱ्यापुढे ह्यांची अक्कल थांबली. परक्याच्या गोष्टीचा मान ठेवण्यात हे असेच. ह्यांच्या कचेरीत दुसऱ्याच्या खुर्चीला धक्का लागला तरी नमस्कार करायचे.

मी रहिमाबीकडे बघितलं. ती माझ्याच हातातल्या चष्म्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघीही गप्प राहिलो. मला कळलं, की हिला कळलं आहे. तिलाही कळलं, की मला कळलं आहे. तिला धाकटी घरात राहायला हवी होती आणि मला हे.

ह्यांनी धाकटी मिटली. एकेक नळी सावकाश आत घातली, चामड्यावर लागलेला बोटांचा घाम पुसला आणि ती चटईवर अगदी होती तिथेच ठेवली.

"राहू दे. मोठीच नेतो, रहिमाबी," हे म्हणाले. "ओटीवरनं बरं दिसेल. हिचंही तेच म्हणणं होतं."

डॉक्टरांपुढे लागतो तो आवाज होता. मान हलवत होते, पण ह्या वेळी मागे स्वतःच्या मनातलं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. किती महिने मी ह्याचसाठी भांडत होते.

मग ह्यांनी माझ्या हातातला चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला, आणि डाव्या खिशातली तपकिरीची डबी, रुमाल, चष्म्याचं घर असं सगळं काढून त्यातलं निम्मं उजव्या खिशात घातलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळी निघताना ह्यांनी कोटाचा उजवा खिसा रिकामा केला होता. सगळ्या वस्तू एकाच खिशात कोंबून हा माणूस एका बाजूला कलंडत राजिवड्यापर्यंत चालत आला होता, आणि मी म्हणत होते, आज हे असे तिरके का चालताहेत. आता तो खिसा भरून झाला आणि हे सरळ उभे राहिले.

मला एवढा राग आला की काय सांगू. ह्यांचा, डॉक्टरांचा, त्या घारीचा, माझा. जिंकून जिंकून माणूस दमतं तसं झालं.

"अहो," मी म्हटलं, "तो दोरा मुसा नाखव्यांच्या डोळ्याचा आहे. तुमच्या कुठे आहे? नळी सरकवा आणि बघा."

"सरकवायची कशी? खूण आहे ती."

"मग विचारा रहिमाबीला."

"असं विचारतात काय?"

"मग मी विचारते. रहिमाबी, दोरा सोडलात तर ह्यांना दिसेल."

रहिमाबी माझ्याकडे वळली. "बाय गो," ती म्हणाली, "तू आणखी जराशी गप ऱ्हायली असतीस तर दोघींचं बरं झालं असतं."

"ते मला ठाऊक आहे."

"मग?"

"मग काही नाही. बोलले. झालं."

ती चटईवर बसली आणि तिने धाकटी मांडीवर घेतली. खाली कोणाची तरी कोंबडी ओरडत होती. हे अवघडून खिडकीबाहेर बघायला लागले, जणू आगबोट आत्ताच बुडणार होती.

"मला ह्यातून कधीच काय दिसलं नाय," रहिमाबी म्हणाली. "ते गेल्यावर मी लावून बघायची, जुम्म्याच्या दिवशी. नुसतं धुकं. मला वाटायचं, दर्यावरच्या माणसाची नजर येगळी, आपण बायका, आपल्याला कसं दिसावं. तरी पण लावायची. त्यांनी बघितलं तिथंच डोळा जातोय ना माझा, म्हणून."

मी म्हटलं, "राहू दे, रहिमाबी. नका सोडू."

"आता राहू दे होय? आता तोंडातून काढलंस ते." ती नखाने गाठ उकलायला लागली. गाठ मिठाने दगड झाली होती. शेवटी तिने दाताने दोरा तोडला, जिभेवरचं थुंकून टाकलं, आणि उठून खिडकीशी गेली. पहिली आपल्याच डोळ्याला लावली. नळी बाहेर, आत, पुन्हा जराशी बाहेर. आणि तिचा हात थांबला.

"या अल्ला," ती म्हणाली. "तो भाट्याच्या रेतीत हुसेन जाळं झाडतोय. मेल्याची दाढी दिसते. दाढीत बिडी!"

मग ती हसायला लागली. तोंडाला ओढणी लावून हसत होती आणि डोळा काही काढत नव्हती. आम्ही वाट बघत उभे. मला वाटलं, आता ही देणार नाही. द्यावी तरी का? पण तिने बऱ्याच वेळाने ती ह्यांच्या हातात दिली. "घ्या. मोठीतून मला जन्मभर दिसत होतं, तिची खाच पण हाय इथं. तुमच्याकडं खाच नाय." तोडलेला दोरा बोटाला चिकटला होता तो तिने खिडकीतून खाली झटकला. खाली कोंबडीने तो धावत येऊन उचलला आणि टाकून दिला.

ह्यांनी चष्मा पुन्हा माझ्या हातात दिला आणि नळी आत सरकवली. मीच विचारलं, "दिसलं?"

"डोंगर दिसला. पाखाडीच्या पायऱ्या दिसतात." मग जरा थांबून, "घरटं वरनंच दिसेल."

"दिसेल तर," मी म्हटलं. "कळलंय मला."

त्यानंतर मी ह्यांना दोन अटी घातल्या. थंडी जरा ओसरेपर्यंत जायचं नाही. आणि प्रत्येक वळणावर बसायचं, मी ऊठ म्हणेपर्यंत उठायचं नाही. ह्यांनी दोन्हींना मान हलवली. माझा विश्वास बसला नाही, पण ह्या वेळी ह्यांनी पाळल्या.

आंब्यांना मोहोर धरला होता तेव्हा आम्ही गेलो. तरीवर भागोजी होता. होडी लोटता लोटता त्याने ह्यांच्या हातातली दुर्बीण बघितली.

"सायेब, बगा जरा त्यातनं. माजी बाईल पलीकडं उबी हाय काय?"

ह्यांनी बघितलं. "एक बाई उभी आहे खरी. कमरेवर हात."

"मग होडी सावकाशच नेतो," भागोजी म्हणाला.

दुर्बीण ह्यांनी उजव्या खिशात घातली. काठी हातात. स्टूल आणि पिशवी माझ्याकडे. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्याला हे आपणहून बसले. तिसऱ्याच्या आधीच ह्यांचा श्वास मला मागून ऐकू यायला लागला, करवतीसारखा. मध्यावर चिऱ्यांचा एक उंच कट्टा बांधलेला आहे, बायकांनी डोकीवरचा भार टेकवायचा तो. त्या कट्ट्यावर मी ह्यांना टेकवलं. औषध दिलं. पाणी दिलं. ओठांचा रंग बघितला. बरा होता, पण चांगला नव्हता.

बसलो. वाऱ्यावर काजूच्या मोहोराचा वास होता. वरून, सड्यापलीकडून, काकणाचा आवाज आला, कोणी तुटकी घंटा वाजवावी तसा. ह्यांनी मान वर केली. मग उरलेल्या पायऱ्यांकडे बघितलं. मीही बघितलं.

शेवटी ह्यांनी खिशातून दुर्बीण काढली आणि माझ्यापुढे धरली.

"तू जा."

"मी? आणि तुमच्याजवळ कोण?"

"मी इथेच बसतो. भार आहे तो कट्ट्यावर राहतो, पळून जात नाही. जा. बघ आणि मला येऊन सांग."

"मला त्यातलं काय कळतं?"

"पिल्लू आहे की नाही एवढं तरी कळेल."

मी स्टूल तिथेच टाकलं, पिशवी तिथेच टाकली, आणि चढले. मोकळ्या हातांनी ती पाखाडी मी त्या दिवशी पहिल्यांदा चढले. गुडघे दुखत होतेच, पण ते माझे स्वतःचे होते, दुसऱ्या कोणाच्या श्वासाकडे कान द्यायचा नव्हता. वर पोचले तर सड्यावर वारा सुटला होता. कडेला जाऊन कातळावर बसले. बेहडा समोर, शेंड्याला काट्याकुट्यांचा भारा अडकल्यासारखं घरटं. दुर्बीण डोळ्याला लावली तर धूसर. मनात म्हटलं, काच गेली असेल. आणि मग एकटीच हसले. नळी थोडी बाहेर ओढली, आत ढकलली, पुन्हा केसभर बाहेर. आणि ते एकदम समोर आलं.

पिल्लू होतं. पिल्लू कसलं, कोंबड्याहून मोठं, मातकट रंगाचं, घरट्याच्या काठावर उभं. पंख पसरायचं, वाऱ्यावर जरासं उचललं जायचं, घाबरून पाय घट्ट रोवायचं आणि पुन्हा पंख मिटून, आपण काही केलंच नाही अशा थाटात इकडेतिकडे बघायचं. आई शेजारच्या फांदीवर. तिचं लक्षही नव्हतं. का मुद्दामच दुसरीकडे बघत होती, कोण जाणे. तिच्या पायाखाली सापाचं लांबट कातडं लोंबत होतं आणि तिच्या बसण्यात असं काही होतं, की ही बाई दमली आहे हे मला दुर्बिणीशिवायही कळलं असतं.

मी लागत होतं त्यापेक्षा जास्त वेळ बसले. कातळ उन्हाने तापला होता. कोणी पाणी मागत नव्हतं. मग एकदम आठवण झाली आणि मी धावतच उतरले. हे कट्ट्यावर तसेच बसले होते, भाकरी खात.

"आहे?"

"आहे. एक आहे. उडायला बघतंय, पण धीर होत नाही."

"शेपटीचा रंग?"

"नाही बघितला."

"पाय पिवळे झालेत की फिके?"

"मी काय त्याचं स्थळ बघायला गेले होते?"

ह्यांना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत मी पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी बघ."

"पुढच्या वेळी?"

ह्यांनी माझ्या हातातली दुर्बीण घेतली. गडबडीत मी ती मिटायची विसरले होते. ह्यांनी चष्मा काढून डोळ्याला लावली आणि खाडीकडे फिरवली.

"धूसर आहे."

"माझ्या डोळ्याची आहे ती. सरकवा."

ह्यांनी सरकवली नाही. जरा वेळ तशीच लावून बसले. मी म्हटलं, काही दिसत नाहीये तुम्हाला, उगाच डोळ्याला ताण. तर हो म्हणाले, आणि बघतच राहिले. मग दुर्बीण मांडीवर आडवी ठेवली, कोटाच्या बाहीची उसवलेली कड शोधली, तिथला एक लांब धागा ओढून तोडला, आणि मी ठेवली होती तिथेच, नळीवर, गुंडाळून गाठ मारली. गाठ तीनदा मारावी लागली. मी मदत केली नाही.

"आता ही कोणी हलवायची नाही," हे म्हणाले.

"म्हणजे दर रविवारी मीच चढायचं वर."

"शिमग्यापर्यंतच. मग ते उडून जाईल."

"आणि पुढच्या वर्षी?"

ह्यावर ह्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

उतरायला लागलो तेव्हा ह्यांनी दुर्बीण मिटून खिशाकडे नेली, थांबले, आणि माझ्या पिशवीत ठेवली, पाण्याच्या तांब्याशेजारी. तशी काही जड नव्हती. पण उचलायला एक वस्तू वाढलीच.